कोळशाखालची जमीन

जुबेदा मॅडमना कोळशाबद्दल काही विचारलं की त्या चिडायच्या. उभी हयात कोळशाच्या खाणींवर नोकरी केलेल्या बाईला माणसं दुसरं काय विचारणार? पण मॅडमना ते खपायचं नाही. "कोळसा कायले विचारता? कोळसा त सगळेच विचारतेत," त्या म्हणायच्या. "त्याच्याखाली काय हाये ते विचारा." आणि समोरच्याने विचारायच्या आत सांगायला सुरुवात करायच्या. समोर प्राचार्य असोत, भाजीवाला असो की केनवडहून आलेली माझी सासू असो, सुटका नसायची.

आता वाशीम जिल्ह्यात कोळसा म्हणजे इस्त्रीवाल्याकडे असतो तेवढाच. आमच्याकडे खाली काळा दगड, त्यावर काळी माती आणि तिच्यावर सोयाबीन. अशा मुलखात कोळशाच्याही खालच्या गोष्टी ऐकायला कोण बसणार, असा विचार शहाण्या माणसाने केला असता. मॅडमनी तो केला नाही.

मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते. मॅडम आल्या त्या सकाळी फाटकात एक टेम्पो उभा होता आणि पंजाबी ड्रेसवर खिसेवालं जाकीट घातलेली, साठी ओलांडलेली एक उंच बाई ड्रायव्हरशी भांडत होती. टेम्पोत लांबट लाकडी पेट्या होत्या. पेटीत खाचा, आणि प्रत्येक खाचेत मनगटाएवढ्या जाडीच्या राखाडी, काळ्या कांड्या ओळीने निजवलेल्या. आमचा शिपाई गजानन एक पेटी उचलायला गेला आणि म्हणाला, "मॅडम, एवढे दगड कायचे आणले?"

"दगड नाही, माती हाये," मॅडम म्हणाल्या. "पानी लागलं त याचा चिखल होईन. लेकरू उचलतो तशी उचल."

गजाननला वाटलं, बाई थट्टा करतात. पण ते अगदी खरं होतं. खाण सुरू करायच्या आधी जमिनीत पोकळ नळी घालून खोलवर भोक पाडतात आणि आतून दगडाची कांडी काढतात. कोळसा किती खोल, किती जाड, ते त्यावरून कळतं. कोळसा लागला, मोजला, की काम संपलं. मॅडम मात्र ड्रिलवाल्यांना आणखी चार हात खाली जायला लावायच्या. कारण कोळशाच्या बुडाशी एक राखाडी, मेणचट थर असतो. ज्या जंगलाचा पुढे कोळसा झाला ते जंगल एकेकाळी ज्या जमिनीवर उभं होतं, ती ही जमीन. कंपनीला तिचा उपयोग शून्य. कंपनीच्या गोदामातून त्या कांड्या फेकून द्यायची वेळ आली तेव्हा मॅडमनी रीतसर परवानगी काढून सगळ्या पेट्या उचलल्या. निवृत्त होऊन माणसं फ्लॅट घेतात, काशीला नाहीतर हजला जातात. ह्या बाईने वणीकडून टेम्पोभर माती आणली.

आमच्या कॉलेजात भूशास्त्र हा विषय कसाबसा तग धरून होता. शिकवायला कोणी मिळत नव्हतं. मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मिळेल त्यात यायला तयार झाल्या. एकच अट घातली: पेट्यांना कोरडी खोली पाहिजे. प्राचार्यांनी मागची खोली दिली. तिला सिमेंटचा स्लॅब होता आणि तो गळत नव्हता, ही आमच्याकडे मोठी गोष्ट.

मॅडमच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं छोटं भिंग असायचं. पोरींना सुरुवातीला तो ताईत वाटला. त्या भिंगातून त्या सगळंच बघायच्या: डब्यातली भाकर, माझ्या साडीचा धागा, प्राचार्यांचं परिपत्रक. परिपत्रक भिंगाखाली धरून एकदा म्हणाल्या, "कागद बरा हाये." मजकुराविषयी काही बोलल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या की चपला काढून एक पाय दुमडून घ्यायच्या, आणि त्या अवस्थेत त्यांना उठवणं कोणालाच जमायचं नाही.

दुसरी सवय माती खायची. खाणं म्हणजे पोटात घालणं नव्हे. चिमूटभर माती पुढच्या दातांमध्ये धरायची आणि दात घासायचे. करकरली तर तिच्यात बारीक रेती आहे, लोण्यासारखी सरकली तर निव्वळ चिकणमाती. भूशास्त्रातले लोक हे करतात म्हणे, पण कॉलेजच्या मैदानात सगळ्यांसमोर करणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली. पहिल्या वर्षीच्या पोरी ओढणीआड तोंड लपवून हसल्या, आणि महिनाभरात त्याच पोरी गावोगावची माती पुड्यांतून आणून दातांखाली धरायला लागल्या. एकीच्या आईने येऊन तक्रार केली की पोरीला डोहाळे लागल्यासारखं दिसतं, लोक काय म्हणतील? मॅडमनी त्या आईच्याही तळहातावर चिमूटभर माती ठेवली. ती माउली काय समजली कोण जाणे, पण तिने ती खाऊन पाहिली.

ह्या मातीपायी मॅडम आयुष्यभर भांडत का होत्या, ते मला इतिहासाच्या सरांमुळे कळलं. सर स्वभावाने वाईट नाहीत, पण माणूस दिसला की त्याचा उगम शोधल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. स्टाफरूममध्ये त्यांनी मॅडमना विचारलं, "तुमी कुठल्या म्हना?"

"मंगरूळपीर."

"ते झालं. त्याच्या अगोदर?"

"त्याच्या अगोदरबी मंगरूळपीर. बापाचं पत्र्याच्या पेट्या-कोठ्यांचं दुकान होतं, आता भाऊ चालवते."

"तसं नाही हो मॅडम. त्याच्याबी अगोदर. बाहेरून कुठून तरी आले असतीन न तुमचे लोक?"

मला सरांचा भयंकर राग आला, आणि आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही याचाही. मॅडम उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि एक राखाडी कांडी घेऊन आल्या. ती त्यांनी सरांच्या कपाजवळ ठेवली आणि वर भिंग ठेवलं.

"पाहा," त्या म्हणाल्या. "आमच्या मोठ्या मोठ्या पुस्तकांत लिहेल होतं, हे जंगल इथलं नोहे. पुरात वाहून आलं, गाळात साचलं, त्याचा कोळसा झाला. आमाले कॉलेजात तेच शिकवलं. आता ह्या मातीत काय दिसते ते सांगा."

सरांनी भिंगातून पाहिलं. मीही नंतर पाहिलं. राखाडी मातीत काळी, चपटी, मणक्यांच्या माळेसारखी एक रेघ आडवी-तिडवी शिरत खाली गेली होती. तिला बारीक फाटे होते.

"मुळं दिसतात," सर म्हणाले.

"झाड वाहून येते. मुळासकट उपटून वाहून येते हेबी मान्य. पन मातीत अशी फाटे फुटत खाली उतरेल मुळं वाहून येत नाहीत. ती तिथंच वाढा लागतेत. सगळ्या कोळशाचं मी म्हनत नाही. काही वाहूनबी आला असन. माह्या पेट्यांतलं जंगल मात्र जाग्यावर उभं होतं, ते मी कोनालेबी दाखवीन." मग कांडी रुमालात गुंडाळत त्या म्हणाल्या, "आता माह्यावालं खोदून पाहाचं असन त सांगजा. मले वेळ हाये."

सरांनी पुढे कोणाचा उगम विचारल्याचं मला आठवत नाही. मॅडमचा आवाज त्या वेळी जराही चढला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "ओरडाचं काय त्यात? पुरावा पेटीत हाये. पेट्या गेल्या त माह्याजवळ निस्तं तोंड राहीन, आणि बाईच्या तोंडाले कोनी पुरावा मानत नाही."

ह्या मुळांशी त्यांची ओळख झाली तीही एका चुकीतून. ती चूक त्या वर्गात पहिल्याच तासाला सांगायच्या. दहावीपर्यंत त्यांचं शिक्षण मंगरूळपीरला उर्दू शाळेत झालेलं. पुढे शिकून खाणीवर लागल्या, ड्रिलवाल्यांच्या पहिल्याच तळावर कांड्या पेटीत लावायचं काम आलं. पेटी पुस्तकाच्या पानासारखी लावतात, डावीकडून उजवीकडे. जुबेदा मॅडमच्या हाताने आपोआप उजवीकडून सुरुवात केली, कारण त्यांच्या लेखी पान तिथून सुरू होतं. कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मोठे साहेब आले, त्यांनी रिवाजाप्रमाणे डावीकडून वाचत टिपण केलं आणि सगळी जमीन उलटी झाली. खालची माती कोळशाच्या वर जाऊन बसली.

दोन दिवसांनी चूक उघडी पडली. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, की वर काय आणि खाली काय एवढंही कळत नसेल तर घरी बसा. मॅडम सांगायच्या, "चूक माहीच होती, मी कबूल केली. पन मंग मीबी पेटीकडं नीट पाह्यलं. त्यायच्या टिपणात मुळं आभाळाकडं चालले होते. मी म्हनलं साहेब, मी उलटं लावलं, पन तुमी उलटं वाचताना मुळं काहून नाही पाह्यले?"

"मग साहेब काय म्हणाले?" पोरी विचारायच्या.

"काय म्हनतीन? जिथं बस जात नाही अशा तळावर पाठवलं." असं म्हणून त्या खूश व्हायच्या. "तिथं मले लय मुळं सापडले."

यावर दुसऱ्या कोणी उजवी-डावी पाठ केली असती. मॅडमनी त्यानंतरही पेट्या उजवीकडूनच लावल्या, फक्त प्रत्येक ओळीवर लाल रंगाने ठसठशीत बाण काढला. एकदा चुकलं म्हणून जन्मभर हात का बदलायचा, बाण काढला की जगाला समजतं, असं त्यांचं म्हणणं.

रिठदला त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या शेतात विहिरीचं खोदकाम चालू होतं. काळ्या दगडात मध्येच लाल मातीचा पट्टा लागला, असं ती पोरगी सांगत आली आणि मॅडमनी त्याच दुपारी वर्ग उचलून रिठदला नेला. मीही गेले, कारण घरी जाऊन पेपर तपासायचे होते. विहीर बरीच खोल गेली होती. क्रेनच्या लोखंडी डब्यातून दगड वर येत होते. मॅडम सरळ जाऊन त्या डब्यात उभ्या राहिल्या आणि क्रेनवाल्याला म्हणाल्या, "सोड खाली."

पोरीचे वडील धावत आले. भला माणूस, पण चेहरा पडलेला. "मॅडम, राग नोको मानजा. बाईमानूस अर्ध्या इहिरीत उतरलं त पानी लागत नाही म्हनतेत."

"बरं," मॅडम म्हणाल्या, "ह्या शिवारात आजवर इहिरी कोरड्या निंघाल्या का नाही?"

"निंघाल्या न. लय निंघाल्या."

"त्याच्यात बाया उतरल्या होत्या का?"

ते बिचारे विचारात पडले. तेवढ्यात क्रेनवाल्याने डबा सोडला होता. खालून मॅडमचा आवाज येत होता, एकेका पोरीचं नाव घेऊन त्या खाली बोलावत होत्या. मी वरच थांबले. मला खोल जागेची भीती वाटते आणि ती मी कोणापासून लपवत नाही. वर आल्यावर मॅडमचे हात कोपरापर्यंत लाल होते. वितळलेल्या दगडाचा एक लोंढा थंड झाला, त्याच्यावर माती झाली, काही उगवलं असेल, आणि मग दुसरा लोंढा येऊन सगळ्यावर बसला. त्या मधल्या दिवसांची ही माती. "तिकडं जंगलाखाली दबली, इकडं आगीखाली," त्या पोरीच्या वडिलांना म्हणाल्या. "तुमच्या सात-बाराच्या खाली अजून एक वावर हाये दादा. त्याचा फेरफार कोनाच्या नावानं हाये ते काही मले माहीत नाही." पुढे त्या विहिरीला पाणी लागलं. श्रेय मुहूर्ताला फोडलेल्या नारळाला गेलं. मॅडमना सांगितलं तर हसल्या.

हे सगळं चालू असताना कॉलेजात तपासणीची समिती येणार असं ठरलं आणि प्राचार्यांना स्क्रीनवाली खोली करायचा झटका आला. स्लॅब न गळणारी खोली एकच. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, की भूशास्त्राला मुळात मुलं कमी आणि त्या पेट्या काही कोणी बघत नाही. मॅडम म्हणाल्या, दुसरी कोरडी खोली द्या, आजच्या आज हलवते. दुसरी खोली नव्हती. मग हलवणार नाही, म्हणाल्या, आणि रोज जेवणाच्या सुट्टीतही पेट्यांजवळच पाय दुमडून बसायला लागल्या. असा उन्हाळा आला.

मे महिन्यात त्या भावाच्या घरी मंगरूळपीरला गेल्या असताना खोलीचं कुलूप बदललं गेलं आणि पेट्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आल्या. त्या पत्र्यातून आभाळ दिसतं हे कॉलेजातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन दिवसांनी अवकाळी आला. गजाननने मला फोन केला, मी मॅडमना केला. "पेट्या बाहेर आहेत," एवढंच मी म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला.

मॅडम आल्या तेव्हा आम्ही जमेल तेवढ्या पेट्या आडोशाला ओढल्या होत्या. निम्म्या भिजल्या होत्या. खाचांमध्ये कोळशाच्या कांड्या धुऊन निघाल्यासारख्या चमकत होत्या आणि त्यांच्या शेजारी जिथे जमीन होती तिथे राखाडी रबडी झाली होती. मॅडम एकेका पेटीवर भिंग घेऊन वाकत गेल्या. रबडीत बोट घालून काहीतरी शोधायच्या, बोट पुसायच्या, पुढे जायच्या. मी आयुष्यात इतकी संतापले नव्हते आणि रडूही येत होतं. त्या रडल्या नाहीत.

"कोळशाले काहीच झालं नाही," त्या म्हणाल्या. मग गजाननकडे वळल्या. "प्राचार्यांच्या खोलीची चावी कोनाजवळ हाये?"

गजाननने खिशातून चावी काढली. ही त्याच्या नोकरीतली सर्वांत धाडसाची गोष्ट असावी. कोरड्या उरलेल्या पेट्या आम्ही तिघांनी प्राचार्यांच्या खोलीत नेल्या. टेबलावर, सोफ्यावर, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, जिथे सपाट जागा मिळेल तिथे मांडल्या. बाण सगळे एका दिशेला. दुसऱ्या दिवशी प्राचार्य आले तेव्हा मॅडम त्यांच्या खुर्चीत नव्हत्या, कारण तिच्यावरही पेटी होती. त्या खिडकीजवळ उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?" प्राचार्य म्हणाले.

"जमीन हाये साहेब. बसाले जागा नाही, उभ्यानंच बोलू."

"मॅडम, मी तुमचे तास बंद करू शकतो."

"करा. तास तुमचे हायेत. ह्या पेट्या तुमच्या नाहीत. मले कोरडी जागा भेटत नाही तोवर त्या इथून हालत नाहीत, आणि कोनी हात लावला त मी पेटीवर आडवी होतो."

ही धमकी पोकळ नाही हे प्राचार्यांना दिसत होतं. आठवडाभर ते लायब्ररीत बसून सह्या करत राहिले. तेवढ्या दिवसांत मंगरूळपीरच्या एका मुलींच्या उर्दू शाळेतल्या मोठ्या बाईंनी, मॅडमच्या जुन्या मैत्रिणीने, शिवणकामाची अर्धी खोली रिकामी करून दिली. भाऊ रफीक टेम्पो घेऊन आला. त्याने दुकानात प्रत्येक पेटीच्या मापाचं पत्र्याचं झाकण बनवलं होतं. मॅडमचे तास बंद झाले, ते व्हायचेच होते. त्या आता तिकडे फुकट शिकवणार होत्या.

राहिला चिखल. तो त्यांनी फेकू दिला नाही. सगळा खरवडून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि मला म्हणाल्या, घरून तुरीचे दाणे आण. मी आणले. त्यांनी ते त्यात पेरले. पाच-सहा दिवसांनी एक दाणा वर आला, पिवळट, मान वाकडी. मराठी शिकवणारी असले तरी मलाही मोठा अर्थ सुचला होता. तो मॅडमच्या तोंडून ऐकावा म्हणून मी विचारलं, "मॅडम, याच्यावरून काय सिद्ध होतं?"

"काहीच सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "मले राग आला म्हनून लावली."

पेट्या टेम्पोत गेल्या, पण डबा त्यांनी रफीकच्या हाती दिला नाही. टेम्पोत हिसके बसतात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. गाडी भरत आली होती. मॅडम चढल्या, दोघांच्या बाकावर खिडकीशी बसल्या आणि डबा शेजारच्या जागेवर ठेवून त्याला हाताचा वेढा घातला. मी खाली खिडकीपाशी उभी होते. एक तरणाबांड माणूस त्या जागेसाठी ताटकळत होता. त्याच्या मागून कंडक्टर आला.

"मावशी, डब्बा खाली ठेवा. लोकाले बसू द्या."

"खाली नाही ठेवत. पानी सांडते त्याच्यावर."

"मंग तिकीट लागन त्याचं."

"लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "पंचाहत्तरच्या वरच्याले एस्टीत फुकट हाये. हे लय वरचं हाये. पंचवीस कोटी वर्सं झाले याले, आणि पहिल्यांदाच गाडीत बसून राह्यलं."

कंडक्टरने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या आणि हलणारही नव्हत्या. मग त्याने वाकून डब्यात पाहिलं. चिखल आणि त्यात ते वाकड्या मानेचं पिवळं रोप, दुसरं काही नाही. तो सरळ झाला, तिकिटाचं मशीन त्याने काखेत मारलं आणि ताटकळणाऱ्या माणसाला म्हणाला, "भाऊ, ही जागा भरेल हाये. तुमी मांगं पाहा."